इंटरनेटवरच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात खानदेशातल्या विद्यार्थ्याला जागा असते का?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात समाजशास्त्रात एम. ए. करताय, इंग्रजी बेताचं आहे, आणि इंटरनेटनं समाजात काय बदललं यावर देशोदेशीची विद्यापीठं मिळून जो अभ्यास करतात त्यात आपल्याकडच्या मुलाला शिरकाव असतो का. असतो. अशा दोन प्रकल्पांसाठी मी धुळे-नंदुरबारमध्ये मुलाखती घेतल्यात, प्रश्नावल्या अहिराणीत आणल्यात. इंग्रजीचं नंतर बघू.

नंदुरबारच्या मिरची पथारीवर गेला असालच. उन्हात पसरलेली मिरची, नाका-तोंडाला पदर बांधून देठ खुडत बसलेल्या बाया. माझ्या हातातल्या कागदावर पहिलाच प्रश्न होता, 'तुम्ही इंटरनेट वापरता का?' एक मावशी म्हणाल्या, "ते नेट-बिट पोऱ्या वापरस. माले त्यामा काय समजस?" त्यांचा फोन शेजारच्या पोत्याला टेकवलेला होता आणि त्यावर युट्यूबवर अहिराणी गाणी चालू होती. नियमाप्रमाणे मी 'नाही'वर खूण करायची आणि पुढचे सगळे प्रश्न सोडून द्यायचे. म्हणजे ही बाई अभ्यासातून बाद! मी कागद खाली ठेवला आणि विचारलं, गाणं कसं लावता? मग त्या तासभर बोलल्या. रिचार्ज कोण मारतं, कामाला सुरतेला गेलेला मुलगा व्हिडिओ कॉल कधी करतो, सुनेच्या हातात फोन किती वेळ द्यायचा यावरून घरात काय होतं. देठ खुडणं एकीकडे चालूच.

कोलंबोच्या लर्नएशिया संस्थेच्या अभ्यासकांना इंडोनेशियात नेमका हाच अनुभव आला होता. इंटरनेट वापरत नाही म्हणणारे लोक फेसबुकबद्दल मात्र भरभरून बोलत होते. प्रश्नातला शब्द चुकला की आकडाच चुकतो, आणि तो चुकलाय हे फक्त पथारीवर बसलेल्या माणसाला दिसतं. ते सांगणं हे तुमचं काम.

या सहकार्याच्या ढोबळमानानं दोन तऱ्हा आहेत. एक, सगळ्या देशांत एकच प्रश्नावली. अमेरिका, सिंगापूर आणि इटलीतल्या संस्थांनी 1999 च्या सुमारास सुरू केलेला वर्ल्ड इंटरनेट प्रोजेक्ट असा आहे. देशादेशांची तुलना करता येते, हा त्याचा मोठा फायदा. दुसरी तऱ्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल मिलर यांच्या प्रकल्पाची. नऊ अभ्यासक ब्राझील, चीन, तुर्कस्तान, इटली, आपल्याकडे तमिळनाडू अशा ठिकाणी 15-15 महिने जाऊन राहिले, लोकांच्यात उठले-बसले. 2016 पासून त्यांची पुस्तकं आली, ती फुकट उतरवून घेता येतात. मला मनापासून पटते ती ही दुसरी तऱ्हा.

आणि आपल्या जिल्ह्याला या विषयाशी घेणं नाही असं कुणी म्हणालं तर त्याला राईनपाडा आठवून द्या. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यात बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा आणली, आणि अफवांच्या अभ्यासासाठी जगभरातल्या संशोधकांना पैसे देऊ केले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी बंगळुरूच्या 'मरा' (maraa) या माध्यम-कला गटातल्या लोकांना बरोबर घेऊन केलेला अभ्यास 2019 मध्ये आला. त्यांचं म्हणणं असं की लोक अडाणी आहेत म्हणून हे घडतं, हे उत्तर अपुरं आहे. काही समाजांबद्दल मनात आधीच असलेला आकस अफवेला बळ देतो. भटक्या समाजाकडे आपल्या गावांत कोणत्या नजरेनं पाहिलं जातं हे तुम्हाला माहीत आहे. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात घरात भिली-मावची बोलली जाते, तिथल्या बाजारात वेगळ्या वळणाचं मराठी बोलणारा अनोळखी माणूस कसा दिसतो, हेही. लंडनहून आलेल्याला हे कळायला सोबत कुणीतरी लागतंच.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. दोनांपैकी एका प्रकल्पात आम्ही तिघांनी मुलाखती घेतल्या, त्या उतरवून काढल्या, भाषांतर केलं. निबंध छापून आला तेव्हा आमची नावं नव्हती, 'स्थानिक सहाय्यकांचे आभार' एवढंच होतं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. त्याहून वाईट हे की ज्या बायांनी वेळ दिला त्यांच्यापर्यंत निष्कर्षाची एक ओळही मराठीत पोहोचली नाही. कामाला हो म्हणण्याआधी लेखी विचारा: लेखकांत नाव असेल का, ध्वनिमुद्रणं कुणाकडे राहतील, गावात परत काय येईल. संमतिपत्राचंही तेच. इंग्रजीवरून केलेलं चार पानी पत्र पुढे ठेवून अंगठा मागितला की माणसाला कर्जाचे कागद आठवतात. तोंडी सांगा, समजेल असं सांगा, नाही म्हणाले तर उठून या.

सुरुवात जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात शोधनिबंधाचा विषय म्हणूनही करता येईल. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीचे जुने अहवाल चाळा, ही संस्था 2008 पासून या विषयात आहे. परदेशी प्राध्यापकाला पत्र लिहाल तेव्हा 'मला संधी द्या' एवढंच लिहू नका; स्वतः घेतलेल्या दहा मुलाखतींतून काय दिसलं ते दोन पानांत पाठवा. इंग्रजी कुणाकडून तरी तपासून घेता येतं, मुलाखती कुणाकडून आणता येत नाहीत.

यंदा मिरचीची आवक सुरू झाली की पथारीवर जा. दुपारच्या भाकरीनंतर बाया जरा निवांत असतात, तेव्हा बसा. कागद लगेच काढू नका.