बोन स्कॅनची तारीख दोनदा पुढे गेली? आधी शिक्का घ्या

ताई, सासऱ्यांना घेऊन फोंड्याहून दोनदा गेलात आणि दोन्ही वेळा ‘मटेरियल आलं नाही’ ऐकून परतलात, हे वाचलं आणि आमचं मागचं वर्ष आठवलं. आम्ही डिचोलीचे, बाबांचं प्रोस्टेट. ‘हे खोटं बोलतात का? साठा का करून ठेवत नाहीत?’ असं तुम्ही विचारलंय. मीही तेव्हा काउंटरवर हेच विचारलं होतं, तेही चढ्या आवाजात.

खोटं नसतं बहुतेक. हाडांच्या या स्कॅनसाठी जे किरणोत्सारी औषध टोचतात, ते साठवता येतच नाही. अणुभट्टीत युरेनियम-२३५ च्या पट्ट्या पाच-सात दिवस ठेवतात. १०० अणू फुटले की साधारण ६ मॉलिब्डेनम-९९ मिळतात. पट्ट्या विरघळवून ते वेगळं काढतात, ‘जनरेटर’ नावाच्या डब्यात भरतात आणि तिथून घड्याळ सुरू. दर ६६ तासांनी निम्मं. दोन दिवस विमानतळावर अडकलं तर ४० टक्के वाटेतच संपतं. त्यापासून बनणारं, टोचायचं टेक्नेशियम डब्यातून रोज सकाळी काढतात, त्याचं अर्धायुष्य तर अवघं ६ तास. टेक्निशियन त्या डब्याला ‘गाय’ म्हणतो, रोज दोहायची म्हणून. आता गायच पोचली नाही तर दूध कुठलं?

आणि जगात हे काम करणाऱ्या भट्ट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्या बऱ्याच १९६० च्या आसपासच्या. २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे वर्षभराहून जास्त बंद होती, तेव्हा कितीतरी देशांत स्कॅन रखडले. आपल्या ट्रॉम्ब्यात साध्या मॉलिब्डेनमवरच न्यूट्रॉनचा मारा करूनही ते बनवतात, पण त्यात ग्रॅममागे किरणोत्सार फार कमी मिळतो. असो.

माझं नुकसान भट्टीने केलं नाही, कागदाने केलं. बाबांच्या स्कॅनचे पैसे एका योजनेतून मिळणार होते. कुठल्या ते सांगत नाही. मंजुरीपत्रावर एकच तारीख. त्या दिवशी गाय आली नाही, आम्ही मुकाट्याने घरी. दुसऱ्या दिवशी योजनेच्या कार्यालयात मी शहाणपणाने अर्ज दिला : ‘जुनी मंजुरी रद्द करून नवी तारीख द्यावी.’ तो ‘रद्द’ शब्द! तिथल्या बाईंनी पहिला अर्धा भाग लगेच मंजूर केला. नव्या तारखेसाठी फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर, आणि नोंद काय, तर ‘रुग्ण गैरहजर’. बाबा सकाळी सहापासून त्या बाकावर बसले होते हो! तीन आठवडे गेले. ६६ तासांत निम्म्या होणाऱ्या वस्तूची परवानगी द्यायला तीन आठवडे. त्या बाईंना मी हे गणित मांडून दाखवलं, त्यांनी जेवणाची सुट्टी झाल्याचं सांगितलं.

तेव्हा एवढंच करा. स्कॅन झाला नाही तर केंद्रातून हलायच्या आधी ‘सामग्री न आल्याने तपासणी झाली नाही’ असं लिहून, सही-शिक्का घ्या. अर्जात ‘मुदतवाढ’ लिहा, ‘रद्द’ चुकूनही नको. आणि तारीख बिलाच्या खिडकीवर विचारू नका, निघायच्या आधी थेट स्कॅन करणाऱ्या न्यूक्लियर मेडिसिन विभागाला फोन लावा. जनरेटर सहसा आठवड्याच्या ठरलेल्या वारी येतो, तो वार विचारून त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वेळ मागा. हे आमच्या केंद्राचं, तुमच्याकडे वेगळं असू शकेल. मी डॉक्टर नाही, वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. तब्येतीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

अजून एक. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही बाबांचं नुस्तं, म्हणजे मासे, पंधरा दिवस बंद केलं होतं. ते पथ्य आयोडीन-१३१ देतात तेव्हाचं, थायरॉइडवाल्यांसाठी. हाडांच्या स्कॅनला त्याचा संबंध नाही. बाबा अजून ते पंधरा दिवस बोलून दाखवतात, सासऱ्यांना बांगडा खुशाल द्या. इंजेक्शननंतर दोन-तीन तास थांबावं लागतं, पाणी भरपूर प्यायला सांगतात. बाटली घरूनच न्या, आणि लहान नातवंडांना त्या दिवशी सोबत नेऊ नका.