होस्टेलवर नाश्ता चुकतो, जेवण म्हणजे वडापाव नाहीतर मॅगी. मूड आणि अभ्यास यामुळे बिघडू शकतो का?

हो, बिघडू शकतो, आणि खाणं सुधारल्यावर मनःस्थितीत काही आठवड्यांत फरक पडू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाने २०१९ साली नैराश्याची लक्षणं असलेल्या ७६ तरुणांवर प्रयोग केला. भाज्या, फळं, कडधान्यं, मासे वाढवले, साखर आणि पाकीटबंद पदार्थ कमी केले, तर तीनच आठवड्यांत लक्षणं घटली. त्यात परीक्षेचे गुण मोजले नव्हते. पण लोह कमी पडलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही, म्हणून मुलींनी हिमोग्लोबिन जरूर तपासावं. लोह नीट शोषलं जावं म्हणून मेसमध्ये उसळीवर लिंबू पिळा; जेवणावर लगेच चहा नको, चहाने लोह कमी शोषलं जातं. मात्र उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर नुसत्या आहारावर विसंबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.