लिफ्ट राहू द्या, आधी टर्म विमा घ्या

प्रश्न: नाशिकला पाथर्डी फाट्यावर राहतो, सातपूरला टूलरूममध्ये नोकरी. वय ४१, पगार हातात १ लाख १० हजार, पत्नी घरीच, दोन मुली. गृहकर्ज ३४ लाख बाकी. दोन वर्षांपूर्वी २०११ची बीएमडब्ल्यू झेड-४ सेकंडहँड घेतली. जॅक आणि लाकडी ठोकळ्यांवर चढवून सगळी कामं स्वतः करतो. मजुरीचे ७० हजार वाचले. अंबडला ९ हजार भाड्याने गाळा घेऊन गाडी वर उचलायची पावणेतीन लाखांची लिफ्ट बसवू का? पाच वर्षांत गाडी क्लासिक म्हणून दुप्पट किमतीला जाईल. विमा आहेच, लॉकर देताना बँकेने पॉलिसी दिली. कागद जोडले आहेत.

उत्तर: लिफ्ट नको. वर्षाला ३५ हजार वाचवायला १ लाख ८ हजार भाडं कोण भरतं? क्लासिकचं म्हणाल, तर आपल्याकडे व्हिंटेज म्हणून नोंदणी पन्नास वर्षांनी होते. तुमच्या गाडीसाठी ते साल २०६१. त्याच्या कितीतरी आधी, २०२६मध्येच, पंधरा वर्षं भरल्यावर फिटनेस तपासून नोंदणी नव्याने करावी लागेल. गाडी हौसेसाठी ठेवा, किमतीचा हिशेब सोडा.

कूलंटचा इलेक्ट्रिक पंप कसा बदललात ते तुम्ही लिहिलंय, ते मी दोनदा वाचलं. अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे म्हणून नवे आणलेत. चार्जर जोडून, हीटर फुल करून, अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद दाबून धरलात आणि बारा मिनिटं पंप हवा काढताना ऐकत बसलात. इतक्या बारकाईने काम करणाऱ्या माणसाने पॉलिसी न वाचता सही करावी, याचा मला खरंच राग येतो. तुमच्यापेक्षा ती गळ्यात मारणाऱ्याचा जास्त.

पॉलिसीचा हप्ता वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं. म्हणजे १२ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २४ लाख मिळणार. ‘दामदुप्पट’ ऐकायला छान. पण पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात. परतावा पडतो साडेचार टक्के. आणि उद्या तुम्हाला काही झालं तर घरी येणार १२ लाख. कर्ज ३४ लाखांचं आहे. मुलींची शिक्षणं तर मी अजून धरलीच नाहीत. लॉकरसाठी बँक फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च निघेल एवढी मुदत ठेव मागू शकते. पॉलिसीची सक्ती करता येत नाही.

आता दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा घ्या, वयाच्या साठीपर्यंतचा. प्रकृती ठीक आणि तंबाखू-सिगारेट नसेल तर हप्ता वर्षाला तीस हजारांच्या आसपास धरा. सप्टेंबर २०२५पासून त्यावर जीएसटीही नाही. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात आली की मगच जुनीला हात लावा. दोन हप्ते गेलेत, तेव्हा सरेंडर केली (बंद करून पैसे परत घेतले) तर किती आणि पेड-अप ठेवली (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली) तर किती, हे विमा कंपनीकडून लेखी मागवा. दोन्ही आकडे मला पाठवा, मग ठरवू. हप्ता थांबला तर टर्मचे पैसे भरून वर्षाला नव्वद हजार उरतात, ते गृहकर्जात टाका.

आणि ते लाकडी ठोकळे आजच काढा. चार चांगले जॅक स्टँड, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे लोखंडी टेकू आणा. ते येईपर्यंत गाडीखाली जाऊ नका.