म्युनिकला निघताय, तर कानबाईचा रविवार आधी बघा

भाऊ, तुम्ही विचारलंत की म्युनिकला नोकरी लागली, बायको आणि सहा वर्षांची मुलगी सोबत येणार, अमळनेरचं घर बंद राहणार, तर काय काय लक्षात ठेवू? व्हिसा, विमा, घरभाडं यांची माहिती सरकारी पानांवर आहे, ते सोडतो.

आधी मुलीचं नाव. आपल्याकडे पासपोर्टात नावाच्या रकान्यात बापाचंही नाव घुसतं, जन्मदाखल्यावर बहुतेक वेळा नुसतं मुलीचं असतं. मग तिकडे शाळेच्या हजेरीत पोरीला बापाच्या नावासकट हाक मारतात आणि प्रत्येक खिडकीवर खुलासा देत बसावं लागतं. याची चीड वर्षानुवर्षं जात नाही. पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, तिन्हींवर एकच नाव, एकच स्पेलिंग करूनच निघा. शाळेच्या दाखल्यावर पाटील आणि दुसऱ्या कागदावर मूळ आडनाव, हा आपला खान्देशी घोळही आत्ताच मिटवा.

जमीन आजोबांच्या नावावर राहिली असेल तर वारसनोंद करा. तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं असतं, आपण तीस वर्षं कळवत नाही. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली राखता येते. भावाभावांत गोडी आहे तोवर सह्या घ्या.

आता खरा मुद्दा, गावी यायचं कधी. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, विसरा. म्युनिकच्या बव्हेरिया राज्यात ईस्टरची सुट्टी संपल्यावर मधे शाळा असते, पुढची सुट्टी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला. आखाजी बहुधा नेमकी या फटीत पडते आणि तिच्यामागोमाग वैशाख शुद्ध एकादशीचा अमळनेरच्या सखाराम महाराजांचा रथही. शाळा बुडवू म्हणाल तर तिथे शाळा सक्तीची आहे. दंड होतो, सुट्टीच्या तोंडावर विमानतळावर पोलीसही मुलांची चौकशी करतात. झोके, गौराई, बोरी नदीच्या पात्रातली जत्रा हे सगळं मुलीला फोनवरच दिसणार. मन घट्ट करा.

कानबाई, आपला खान्देशातला श्रावणातल्या देवीचा सण, मात्र जमते. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, आणि बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे श्रावण पुढे सरकला, तरी 23 ऑगस्टचा रविवार सुट्टीतच बसतो. शुक्रवारपर्यंत घरी पोहोचा, रोटांच्या, म्हणजे देवीच्या गव्हाच्या नैवेद्याच्या, दळणाच्या वेळी मुलगी तिथे हवी. परतीचं तिकीट पौर्णिमेनंतरचं काढा, कारण रोट तोवर भाऊबंदांतच संपवायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात. सोमवारी विसर्जन करून लगेच पळणारा पाहुणा ठरतो.

सामानात कळण्याचं पीठच न्या, चार भाग ज्वारीला एक भाग सालासकट उडीद. अख्खं धान्य नको, कस्टमवाले बियाणं समजून काढून घेतात. भरताचं मात्र काही होत नाही. हिरवी वांगी, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ आणि भरीत ठेचायची लाकडी बडजी तिकडे कुठून आणणार!

एकटेपणा येतो का, विचारलंत. येतो. कामाला लागा.

अहिराणी घरात बोला, मराठीच्या आधी. मराठी नंतरही शिकता येते. अहिराणी आजीकडूनच येते, आणि आजी काही थांबणार नाही.

आणखी एक. रोटांसाठी माणशी सव्वा मूठ गहू मोजतात. परदेशात गेलेल्यांची मूठ तुमच्या घरी धरतात की नाही, हे निघण्याआधी घरातल्या मोठ्या बाईला विचारून घ्या. मी वेळेवर विचारलं नाही. आता विचारायचं धाडस होत नाही.