ग्राफिक डिझाइनला प्रवेश घ्यायचा आहे, आत्तापासून काय तयारी करू?

तू 16 वर्षांची आहेस आणि आधी कुठलं सॉफ्टवेअर शिकू, पोर्टफोलिओत काय ठेवू, असं विचारलं आहेस. सॉफ्टवेअरचं लवकर आटपते. वेक्टरसाठी (म्हणजे लोगोसारखे, कितीही मोठे केले तरी न फुटणारे आकार) इंकस्केप, चित्रांसाठी क्रिटा, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस. तिन्ही फुकट आहेत. पुढे इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन या विकतच्या सॉफ्टवेअरवर गेलीस तरी पेन टूल, लेयर आणि ग्रिडवर बसलेला हात वाया जात नाही.

खरा वेळ अक्षरांना दे. बहुतेक नवशिके इथेच कमी पडतात, कारण इफेक्ट शिकायला सोपे असतात आणि लगेच उठून दिसतात. एखाद्या कार्यक्रमाचा मजकूर घे: नाव, वक्ता, तारीख, वेळ, ठिकाण. कागदावर तळहाताएवढे 20 चौकोन काढून पेन्सिलीने 20 वेगवेगळ्या मांडण्या कर. पहिल्या सात-आठ सगळ्यांना सुचतात त्याच असतील, नंतरच्या तुझ्या. त्यातल्या तीन निवडून ए4 आकारात फक्त काळ्या रंगात, एकाच फॉन्टमध्ये बनव, भिंतीला लाव आणि दोन मीटरवरून बघ. तारीख शोधावी लागली तर लगेच रंगाकडे धावू नकोस, आकारातला फरक वाढव. शीर्षक 48 पॉइंट आणि बाकीचं 36 असेल तर डोळा गोंधळतो; बाकीचं 18 कर, लगेच फरक कळेल.

देवनागरीत काम करताना अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. फॉन्ट निवडण्याआधी त्यात ‘कर्तृत्व’ आणि ‘दुसऱ्या’ टाइप करून बघ. रफार नीट बसला नाही किंवा ऱ्य फुटला, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवड. काही फॉन्टमध्ये मराठी वळण त्यानंतरच येतं.

पोर्टफोलिओत किती कामं हवीत ते प्रत्येक कॉलेज आपापलं सांगतं. सांगितलं नसेल तर 10 ते 15 पुरेत. सगळ्यात चांगलं पहिलं ठेव, त्याखालोखालचं शेवटी. दोन-तीन कामांची कच्ची रेखाटनं, नाकारलेले पर्याय आणि नाकारण्याचं कारणही दाखव. तू विचार कसा करतेस हे परीक्षकांना त्यातूनच दिसतं. ट्यूटोरियल बघून केलेली कामं आणि प्रसिद्ध लोगोंच्या नकला काढून टाक, त्या चटकन ओळखू येतात. सोबत समोर ठेवून काढलेली चित्रं असू देत: हात, बूट, खुर्ची. फोटोवरून नको.

निदान एक काम छापून घे. चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र किंवा रंग, ठेव, नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. फोटो छापायच्या आकारात 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) हवा. 72 चा फोटो नुसता आकडा बदलून 300 चा होत नाही. बारीक मजकूर फक्त के, म्हणजे छपाईची काळी शाई, 100 टक्के ठेव. छपाईच्या चारही शाया (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) मिसळून काळा केलास तर प्लेट जराशी सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा दिसतात. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा सीएमवायकेत, म्हणजे या चार शायांत, मळकट होणारच, तेव्हा रंग पक्का करायच्या आधी छापील नमुना बघ.

आणि प्रत्येक फॉन्टचं लायसन्स आत्तापासून फाइलसोबत जपून ठेव. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असलेला फॉन्ट पैसे घेऊन केलेल्या कामात वापरता येत नाही. ओपन फॉन्ट लायसन्सचे फॉन्ट मात्र तिथेही चालतात.