नागपुरातील सीताबर्डीच्या बाजारातील गर्दीचे चित्रण स्टॉक फुटेज (इतरांना वापरण्यासाठी विकली जाणारी तयार क्लिप) म्हणून विकताना प्रत्येकाची लेखी संमती लागते का?

संपादकीय, म्हणजे बातमी किंवा माहितीपटासारख्या, वापरासाठी विकत असाल तर सहसा लागत नाही; मात्र जाहिरातीसारख्या व्यावसायिक वापरासाठी क्लिप द्यायची असेल, तर ओळखू येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे सही केलेले मॉडेल रिलीज (संमतिपत्र), आणि मूल असल्यास पालकाची सही, लागतेच. शटरस्टॉक, पाँडफाइव्ह यांसारख्या क्लिप विकणाऱ्या संकेतस्थळांचे लेखी नियम हेच सांगतात आणि नागपुरातून चित्रण पाठवताना मलाही तेच आढळले आहे. कारण असे, की माहितीपट किंवा बातमी घडलेली गोष्ट दाखवते, तर जाहिरातीत दिसणारी व्यक्ती त्या वस्तूची शिफारस करते आहे असा समज होतो आणि त्याविरुद्ध तिला दाद मागता येते. दुकानांच्या पाट्या व कंपन्यांची बोधचिन्हे यांनाही व्यावसायिक क्लिपमध्ये मज्जाव असतो, आणि सीताबर्डीच्या मेन रोडवर ती टाळणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून हातगाडीवर संत्री रचणारे हात इतक्या जवळून टिपावेत, की चौकटीत चेहरा किंवा पाटी येणारच नाही. संपादकीय क्लिपच्या वर्णनात शहर, देश आणि चित्रणाची तारीख अचूक द्यावी, अन्यथा ती नाकारली जाऊ शकते. एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी: काल्पनिक कथेच्या मालिकेत अथवा चित्रपटात संपादकीय क्लिप वापरण्यापूर्वी निर्मात्याला स्वतंत्र परवानगी घ्यावी लागू शकते, त्यामुळे तिथे संमतिपत्रे असलेली क्लिपच अधिक उपयोगी पडते.