प्राचीन ग्रीसमधली अथेन्स आणि स्पार्टा ही नगरराज्यं : राज्यकारभारात नागरिकांना जास्त वाव कुठे होता?

अथेन्समध्ये, आणि तोही बराच जास्त. तिथे प्निक्स टेकडीवर सभा भरायची आणि कोणीही नागरिक उठून बोलू शकायचा. सभेपुढचे विषय ठरवणारं ५०० जणांचं मंडळ दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडलं जाई. न्यायदानासाठी बसणाऱ्यांना भत्ताही मिळे, म्हणजे गरिबाची मजुरी अगदीच बुडत नसे. लोक मात्र तेव्हाही टाळाटाळ करायचे! मग लाल रंगात भिजवलेला दोर घेऊन त्यांना बाजारातून सभेकडे हाकलत. कपड्याला डाग लागला, की चोरी पकडली गेली.

स्पार्टात दोन राजे, साठी उलटलेल्या २८ जणांची तहहयात ज्येष्ठसभा आणि दरवर्षी निवडलेले ५ एफोर, म्हणजे कारभारावर देखरेख ठेवणारे अधिकारी. सभा होती, पण तिचं काम मुख्यतः होकार-नकार देण्याचं. ज्येष्ठ निवडताना उमेदवार एकेक करून समोरून जात आणि बंद खोलीत बसलेले पंच कोणासाठी आरडाओरडा मोठा झाला ते ऐकून निकाल देत. ॲरिस्टॉटलला हा पोरखेळ वाटला, मलाही तसंच वाटतं.

पण अथेन्सलाही डोक्यावर घेऊ नका. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले यांना तिथे मत नव्हतंच. स्पार्टात तर शेती कसणारे हेलॉट, म्हणजे जमिनीला बांधलेले गुलामासारखे लोक, नागरिकांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि त्यांना राज्यकारभारात कसलेच हक्क नव्हते.